भागामावशीच्या घराचं दार

मुरबाड, ता. २१ नोव्हेंबर १९३८

गाडीचं चाक पुरं झालं. लोखंडी धाव बसवायची राहिली. आरे एका मापाचे, कुणीही तपासावेत.

दुपारी भागामावशीच्या उंबऱ्यावर मुसळ आडवं पडलं. म्हणजे कुणी तरी आली. मावशी सुईण, आळीच्या टोकाला एकटीच राहते. घरात मार खाऊन किंवा त्याहून वाईट सोसून जी निघते, तिला या तालुक्यात तो एक उंबरा ठाऊक. मुसळ आडवं असेतो पुरुषाने तो ओलांडायचा नाही, मग नवरा असो की पाटील. ओलांडील त्याच्या घरी दाणा शिजत नाही म्हणे. मी असलं मानत नाही. पण ओलांडलेला कुणी पाहिलाही नाही.

सौ. लगेच सुपात कांडायचा भात घेऊन निघाली. आळीतल्या बायकांनी आपापलं कांडण तिकडे न्यायचं, म्हणजे घर बायकांनी भरलेलं राहतं. हे सगळं ठीक. आमच्या ताटात मात्र सकाळची भाकर.

ता. २२

मुलीचं नाव सगुणा. टोकावड्याकडची. वीसही नसेल. उजवं मनगट सुजून काळंनिळं, मावशीने बांबूच्या कांब्या बांधल्यात. नवरा पांडू, त्याचा थोरला भाऊ दामू. दामूने जे केलं ते तिने नवऱ्याला सांगितलं, म्हणून नवऱ्याने मनगट पिरगाळलं.

सौ.ने एवढंच सांगितलं. पुढे म्हणाली, “बाकीचं तुमी आयकू नका. जेवा.”

जेवण गेलं नाही.

ता. २४

पांडू आला. मी समोर माझ्या दुकानात चाकाला धाव चढवत होतो, सगळं दिसलं. मावशीच्या अंगणात उन्हात बसला. मुसळाच्या पलीकडे सहासात जणी कांडतायत, कुणी त्याच्याकडे बघेना.

“माजी बायको द्या.”

“मुसळ आडवं हाय. वलांड नि ने,” मावशी म्हणाली.

उठला. पाय उचलला. ठेवला मागे. बायका हसल्या. “चांगला दणकट पाय हाय गो, बायकोला लाथ घालताना उचलतो नीट!”

मग मावशीने रीतीचं विचारलं. बायको परत न्यायची तर जे झालं ते चौघींसमोर मोठ्याने बोलायचं. “तुज्या भावाने काय केलान? बोल. आमी आयकतो.”

पांडूने तोंड उघडलं. भावाचं नाव तोंडात आलं आणि तिथेच थांबलं. मग पाणीसुद्धा न मागता गेला.

आतून कांडणाचा आवाज चालूच. एक ठोका जड, एक हलका. तीच ती. डाव्या हाताने उचलते, उजवा नुसता लावते. बायका चिडवतात, “तुजं मुसळ लंगडतं गो सगुणे.” ती हसते म्हणे. अजून हसते.

ता. २८

चार दिवस डोक्यात एकच. या घराला दार नाही. नुसती चौकट. मावशीचा नवरा दार करायचं म्हणता म्हणता गेला, ते राहिलंच. पोरीचा जीव एका लाकडी दांड्याच्या भरवशावर! पांडू भ्याला. उद्या दामू येईल, तो भिणाऱ्यातला वाटत नाही.

मी दार करणार. मावशीला सांगितलं.

“नको मिस्त्री. आजवर नवतं, अडलं नाय.”

“अडेल तेव्हा काय करशील?”

“दार केलं का लोकांना वाटतं, झालं काम.”

अडाणीपणाला उत्तर नसतं. सौ.ला म्हटलं, तर तीही, “मावशी नको म्हणते ना?” मी कुणाचा चेला नाही. सुतारकी बापाची, पण कुलूप-कडी मी स्वतः खोलून, मोडून, जोडून शिकलो. वाचायलाही तसाच शिकलो. मला नको म्हणायला हिला काय कळतं.

ता. ६ डिसेंबर

दार बसलं. साग, जुना, मुरलेला. फळ्यांच्या सांध्यातून सुई जात नाही. कडी माझ्या कल्पनेची: आतून लोखंडी अडसर आणि त्याला खालून खुंटी. बाहेरून पहार घातली तरी चौकट मोडेल, कडी मोडणार नाही. सगुणाला तीनदा लावायला-काढायला लावली. डाव्या हाताने जमली.

“मिस्त्रीमामा, आता कोन येनार नाय ना?”

म्हटलं, “हत्ती आणला तरी नाही.”

मुसळ मावशीने उचलून कोपऱ्यात उभं केलं. बंद दारात आडवं कुठे ठेवणार? आळीतले चार जण दार बघून गेले. वाणी म्हणाला, असं कल्याणातही नाही.

ता. १९

आज कांडायला फक्त दोघी. सौ. घरीच होती. विचारलं.

“कडी हाय की आता. माजं इकडं काय कमी काम हाय?”

बरोबरच आहे. ताजं जेवण मिळालं.

ता. २७

मावशीकडे कुणी नाही. दार बंद. आत एकटं लंगडं कांडण. जड, हलका. जड, हलका. चांगलं वाटलं पाहिजे होतं.

ता. ५ जानेवारी १९३९

म्हशाची जत्रा. सगळी आळी गेली. मीही. पोलादी पाती घेतल्या, घासघीस करून. घोंगड्यांच्या दुकानापाशी एक ओळखीचा भेटला, त्याला कडीची रचना मातीत काढून दाखवली. खूश झाला.

ता. ६

सगुणा नाही.

मावशीला काल खालच्या पाड्यावर बाळंतपणाला बोलावलं होतं. अडलेली बाई, खरीच. परत आली तर दार उघडं, घर रिकामं. सुपात अर्धवट कांडलेला तांदूळ.

मी दार तपासलं. दोनदा. चौकट शाबूत. अडसर सरळ. खुंटीवर एक ओरखडा नाही. कडी आतून काढलेली. तिने स्वतः.

पुरुषमंडळी म्हणाली, “बघा, आपल्या पायाने गेली. उगाच आळीला ताप.” मीही क्षणभर… नको, ते लिहीत नाही.

समोरची राधाक्का तापाने पडून होती, जत्रेला गेली नव्हती. तिने ऐकलं. बाईचा आवाज. “सगुणे, मी गो. दार उघड.” मग दार उघडल्याचं. मग काही नाही. तोंड दाबलं की काहीच ऐकू येत नाही.

मावशी ओटीवर बसली होती. ओरडली असती तर बरं.

“चौकट मोकळी असती ना मिस्त्री, तर तिला दिसलं असतं. पुढं कोन नि मागं कोन.”

ता. ७

झोप नाही. फळ्यांच्या सांध्यातून सुई जात नाही. नजर कुठून जाणार होती?

ता. ९

टोकावड्याला गेलो. कुणाला न सांगता. निमित्त: नांगराचं लाकूड बघायला आलो.

दामू अंगणात. मोठा अदबशीर माणूस. घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं. “सगुणा? आमी पन शोधतोय. पोर वेडसर, काय सांगावं.” पांडू खाली मान घालून दोर वळत होता. एकदाही वर बघितलं नाही.

घराचं दार बंद. भर दुपारी, ओटीला माणसं असताना, बाहेरून साखळी. आत कांडण चाललेलं.

जड. हलका. जड. हलका.

म्हटलं, “आत कोण?”

“आई कांडते,” दामू म्हणाला.

आवाज थांबला. मग मागीलदारून म्हातारी आली, हातात सूप, भात पाखडत. माझ्याकडे बघून म्हणाली, “कोन गो… कोन ते पावनं?”

तो “गो.” तोच असणार. राधाक्काने सांगितला तसाच.

गूळ तोंडात होता. गिळता येईना, थुंकता येईना. तिघं आणि मी एकटा. उठलो. नांगराच्या लाकडाबद्दल काहीतरी बोललो. म्हातारी अंगणातच उभी, आणि पाठीमागे आत पुन्हा सुरू झालं. जड, हलका. वळणापर्यंत ऐकू येत होतं. वळणानंतरही.

ता. १०

पाटलाकडे गेलो. “बायको नवऱ्याच्या घरी हाय. यात मी काय लिहू?” साखळीचं सांगितलं. “घराला साखळी असतेच की मिस्त्री. तुमीच तर विकता.”

ता. ११

दुपारी काम करताना ऐकू आलं. हातातली करवत ठेवली. मावशीकडे गेलो, घर बंद, मावशी नदीवर. कान लावला. काही नाही. परत दुकानात येऊन बसलो, की पुन्हा. सौ.ला विचारलं. तिला नाही ऐकू येत.

मग मी तिला टोकावड्याचं सगळं सांगितलं. आवाजासकट.

तिने पदर खोचला, आळीत गेली. दर दारी थांबत.

ता. १२

आज सगळ्या मावशीच्या ओटीवर जमल्या. मी अंगणात. ओटीवर मला कुणी बोलावलं नाही, ते योग्यच.

वाण्याच्या बायकोने विचारलं, “मुसळ आपल्या उंबऱ्यावर टाकतात. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर टाकलेलं कोनी आयकलंय?”

“नाय आयकलं,” मावशी म्हणाली. “उद्या आयकतील.”

ठरलं असं. मुसळ घेऊन जायचं, दामूच्या उंबऱ्यावर आडवं टाकायचं. मग त्या घरातल्या पुरुषांना आत जाता येणार नाही. अंगणात बसून कांडायचं. साखळी काढून पोर बाहेर येईस्तो. गावातल्या बायका बघायला येतील, त्यांना विचारलं तर सांगायचं का कांडतो ते. मोठ्याने.

मी म्हटलं, गाडी मी हाकतो.

सौ. म्हणाली, “तुमी नको. तुमी गेलात का ते तुमच्याशी बोलतील, आमच्याशी नाय.”

राग आला. मग गेला.

मावशी उठली, कोपऱ्यातलं मुसळ घेतलं. खालचं लोखंडी कडं सैल झालेलं. मी पुढे झालो, पाचर मारून घट्ट केलं. तेवढं करू दिलं.

ता. १३

पहाटे गाडी गेली. मावशी, सौ. धरून पाच जणी. हाकायला वाण्याची बायको, ती माहेरी बैल हाकत असे.

मी मावशीच्या घराचं दार उतरवलं. बिजागरीचे खिळे खोल मारले होते, निघता निघेनात. चौकट मोकळी केली. ओटीवर बसलो तर आळी पार टोकापर्यंत दिसते. याआधी इथून कधी बघितली नव्हती.

सौ. जाताना सांगून गेली, “मावशीकडंच चूल पेटवा. आमी भुकेजलेल्या येऊ. मानसं बघून भात टाका.”

चूल पेटवली. आधण ठेवलं. ऊन उतरलं, अजून गाडी नाही. टोकावड्याकडून आलेल्या एका गुराख्याला विचारलं. म्हणाला, वळणावरून नुसतं कांडण ऐकू येत होतं, लई मुसळांचं. लग्न हाय का कुनाचं?

त्यात एखादं लंगडत होतं का, हे त्याला कसं विचारावं.

आधण उकळतंय. तांदूळ सुपात घेतला आहे. पाच जणींचा टाकायचा की सहा जणींचा.