काठी नाही, रक्त नाही, तंटा नाही

३ मार्च, सकाळी
ठरवलं होतं, सकाळी चिडायचं नाही. बीपी आहे. पण चहाच्या आधीच माधवी दारात. नवऱ्यानं, विक्कीनं मारलं म्हणे.

डोकं फिरलं. हे लग्न मी लावलं आहे. दोन्ही घरचे नको म्हणत होते. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष म्हणून मी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये हार घालायला लावले, पेपरात फोटो आला. फोटोत मधे मी आहे. असल्या लग्नात मारहाण होतेच कशी?

विचारलं, काठीनं मारलं का? नाही. रक्त आलं का? नाही. थापड मारली. मग तक्रार कसली? माझा नियम साधा आहे. काठी नाही, रक्त नाही, तर तंटा नाही. एप्रिलअखेर तालुक्याची टीम गाव बघायला येणार. तंटामुक्त गावाचा पुरस्कार मिळाला तर वेशीवर कमान, कमानीवर माझं नाव.

संकल्प: तोपर्यंत गावातून एकही केस बाहेर जाणार नाही. शून्य म्हणजे शून्य.

५ मार्च
समेट केला. विक्कीला उभं करून शपथ दिली. शपथ मी स्वतः लिहिली आहे: ‘आजपासून मी घरात हात उचलणार नाही आणि हीसुद्धा तोंड चालवणार नाही.’ दोन्ही बाजूंना सारखं माप. नारळ फुटला, फोटो निघाला. समोसे अंजनानं वाटले. बायको म्हणून तेवढा तरी उपयोग झाला.

माधवी मात्र घुम्यासारखी. मी बोलतोय आणि ही मान वळवून भलतीकडे. एवढा ॲटिट्यूड. शेवटी ओरडलो तेव्हा हो म्हणाली.

घरी आलो तर तेच. अंजनाला तीन हाका मारल्याशिवाय पाणी मिळत नाही. मग माणसाचा हात उठणार नाही तर काय होईल? उठला. थापडच. नोंद करण्यासारखं काही नाही.

१४ मार्च, धुळवड
विक्कीनं पुन्हा मारलं. मी भयंकर चिडलो, माधवीवर. सणासुदीला कोणी रडत येतं का?

शपथ मोडली असं लोक म्हणताहेत. लोकांना वाचता येत नाही. शपथेत ‘घरात’ आहे. त्यानं अंगणात मारलं. लगेच समिती बोलावली, नवी शपथ दिली. ‘घरात किंवा अंगणात.’ आता पळवाट नाही. समोसे पुन्हा अंजनानंच वाटले आणि शपथ संपेपर्यंत माधवीशेजारी बसून राहिली. मूर्खासारखं ऐकत होती.

२६ मार्च
मोहाचा सीझन. बायका पहाटे फुलं वेचायला जंगलात जातात. वाघ फिरतो आहे, म्हणून एकटीनं जायचं नाही अशी सूचना मीच लाऊडस्पीकरवरून दिली होती. आता घोळक्यानं जातात. गावाला शिस्त लागते ती अशी.

परत येताना सारख्या बोलत असतात. मला बघितलं की गप्प. वाघाचाच विषय असावा.

आज बचत गटाच्या नीलाबाईनं रस्त्यात अडवलं. म्हणाली, “भाऊ, त्या पोरीच्या कानातून पू येऊन राह्यला. थापडीनं पडदा फाटला असंन. तुमाले माहीत हाये काय?” म्हटलं, तू डॉक्टर कधी झालीस? कान दुखायला लागला तर तेल टाका. समितीकडं कानाचं खातं नाही.

घरी येईपर्यंत संताप मावत नव्हता. मी या गावासाठी मरतोय आणि हे माझीच उलटतपासणी घेताहेत.

४ एप्रिल
अंजना म्हणाली, मीपण मोहाले जातो. आपल्याला काय कमी आहे? पण जा म्हटलं, घरात शांतता राहील. गेली ती पहाटे, आली दुपार उलटल्यावर. टोपली रिकामी. विचारलं तर म्हणाली, फुलं नीलाबाईच्या आंगणात वाळून राह्यली. ठीक.

माधवीही त्यांच्यासोबत होती म्हणे. चला, मन रमेल.

१० एप्रिल
आजचा दिवस विसरण्यासारखा. संरक्षण अधिकारी मोनाली मॅडम गाडी घेऊन आल्या. वय माझ्या भाचीएवढं. माधवीनं त्यांच्याकडे अर्ज केला आहे.

मॅडम म्हणाल्या, थापडही हिंसाच. शिव्या, धमक्या, पैसे अडवून ठेवणं, हेही त्यात येतं. बाईला राहत्या घरातून काढता येत नाही. कोर्ट संरक्षणाचा आदेश देऊ शकतं. २००५चा कायदा आहे. मी त्यांना काठी-रक्ताचा नियम समजावला. त्यांनी विचारलं, अशी मारहाण समोसे देऊन मिटवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मी पेपरातला फोटो दाखवला. त्यांनी नीट बघितलासुद्धा नाही.

विक्की कोपऱ्यात उभा होता. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “अध्यक्षच म्हणत होते का थापडीचं काई नसते.” ज्याच्यासाठी एवढं केलं तोच उलटला.

निघताना मॅडम म्हणाल्या, अंजनाबाईंशी एकट्यात बोलायचं आहे. बोला म्हटलं, पण दोन-तीनदा हाक मारा, ती मुद्दाम ऐकत नाही. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. शिकलेल्या बायकांना साधी माहितीसुद्धा पचत नाही.

संकल्पात दुरुस्ती: माधवीची केस सोडून शून्य. बाकी गाव शांत आहे.

२१ एप्रिल
कोर्टाची नोटीस. मला वाटलं साक्षीला बोलावलं असेल. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, मग वाचली.

अर्जदार अंजनाबाई. समोर माझं नाव.

टोपली रिकामी आली त्या दिवशी मोह नव्हताच. बायका माधवीला घेऊन चंद्रपूरला दवाखान्यात गेल्या होत्या. डॉक्टरनं माधवीचा कान तपासला, तेव्हा अंजनानं आपलाही दाखवला. डावा पडदा फाटलेला. जुना, असं नोटिशीसोबतच्या कागदात लिहिलं आहे. किती जुना ते मला माहीत आहे असं त्यांना वाटतं. मला काय माहीत? इतकी वर्षं एका शब्दानं बोलली नाही. सांगितलं असतं तर मी जोरात बोललो असतो.

घरातली गोष्ट सरळ कोर्टात. तिला म्हटलं, नीघ. म्हणाली, “घर माझंबी हाये. मॅडमनं सांगतलं.” हात उचलला होता. दारात नीलाबाई आणि चार जणी उभ्या दिसल्या. त्याच हातानं डोक्यावरचे केस नीट केले.

उपाय आहे. समितीत मिटवतो. अध्यक्ष मीच.

२७ एप्रिल
समिती बसली. खुर्चीकडे निघालो तर सदस्य म्हणाले, भाऊ, आज तुम्ही इकडं. सतरंजीवर बसवलं. याच सदस्यांना मी निवडून आणलं होतं.

पण म्हटलं ठीक, नियम सगळ्यांना सारखा. उभा राहिलो, हात जोडले, शपथ म्हटली. तोंडपाठ आहे. ‘अंगणात’सुद्धा म्हटलं. ‘तोंड चालवणार नाही’ हे स्वतःहून गाळलं. एवढा मोठेपणा कोण दाखवतं?

अंजना हललीसुद्धा नाही.

नीलाबाई म्हणाली, “भाऊ, त्या कानानं बाईले ऐकू येत नाई. इकडून या.”

सगळ्या गावासमोर सतरंजीला वळसा घालून तिच्या उजवीकडे गेलो. घसा साफ केला. ‘आजपासून’ म्हणालो आणि अंजनानं हात वर केला.

“राहू द्या,” म्हणाली. “या कानानं मी विक्कीच्या दोन्ही शपथा ऐकल्या. समोसे मीच वाटत होती. आता जे सांगाचं ते जजसाहेबाले सांगा.”

माधवी तिच्या डाव्या अंगाला बसली होती. अध्यक्ष मिटिंग कधी संपवतात याची मी वाट बघत राहिलो. मग लक्षात आलं.

कोर्टाची तारीख मंगळवारची आहे. तालुक्याची टीमही मंगळवारीच येते.