पंपाला पिशवी

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ८.१५
आजपासून मी ब्रेड फॅक्टरीचा सेफ्टी ऑफिसर. गेल्या आठवड्यापर्यंत स्टोअर सांभाळत होतो. ट्रेनिंग दोन दिवसांचं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागला, पण महत्त्वाचं सगळं बहुधा सकाळीच संपलं असावं.
संकल्प: महिन्याभरात हवेतलं पीठ आणि जुन्या पोत्यांची बुरशी, दोन्हींचा बंदोबस्त.
मिक्सरवर पोती रिकामी करतो तो माझा मेहुणा. मीच चिकटवलाय. दोन महिने खोकतोय. बायको म्हणाली, आता ऑफिसर झालात, जरा बघा त्याच्याकडे. मी म्हटलं, सिगारेट. ती म्हणाली, तो ओढत नाही. म्हटलं, मग ओढणाऱ्यांची संगत.

बुधवार, ५ फेब्रुवारी
पंप आला. कमरेला लावायचा, नळी कॉलरपर्यंत, टोकाला फिल्टर. माणूस आठ तास ज्या हवेत श्वास घेतो तीच हा ओढतो. मग लॅबमध्ये फिल्टरचं वजन करतात. मेहुण्याला लावला.
मॅनेजरांनी बजावलं, नाजूक वस्तू आहे, खराब झाली तर तुमच्याकडे बघेन. मिक्सरपाशी तर पिठाचा नुसता धुरळा. म्हणून डोकं चालवलं. फिल्टरवर ब्रेडची एक पिशवी चढवली, वर रबरबँड. पंप गुदमरून पिंपिं करू लागला, तेव्हा शर्टाच्या बाजूने एक छोटं भोक पाडलं. गप्प बसला.
ट्रेनिंगमध्ये हे कुणाला सुचलं नव्हतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी
रिझल्ट उत्तम! धूळ जवळपास नाहीच. लॅबवाल्या बाईंनी फोन करून विचारलं, काही चुकलं तर नाही ना, आमच्या ऑफिसात याहून जास्त निघते. कौतुक करायची एकेकाची पद्धत असते.
रिपोर्ट बोर्डावर लागला, खाली माझी सही. मॅनेजरांनी हात मिळवला आणि धूळ ओढणाऱ्या पंख्याची फाइल बंद केली. धूळच नाही तर पंखा कशाला?
मेहुण्याने पॅकिंगला बदली मागितली होती. मॅनेजरांनी त्यालाही रिपोर्टच दाखवला म्हणे, बदली नाही. थोडं वाईट वाटलं. पण घरच्या माणसाला सवलत दिली असती तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी. संध्याकाळी
मेहुणा येऊन गेला. म्हणाला, दाजी, रविवारी मी अगदी ठणठणीत असतो. सोमवारी कामावर गेलो की संध्याकाळपर्यंत छातीत शिट्टी वाजते. मी समजावलं, सोमवार कुणालाच आवडत नाही, माझीही छाती जडच असते.
तो हसायला गेला आणि खोकतच बसला. बायको माझ्याकडे बघत होती. मी पेपर उघडला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. हॉस्पिटल, दुपारी ३
सकाळी पोतं उचलताना मेहुणा खाली बसला. ओठ निळे. आता तोंडाला वाफेचा मास्क आहे.
डॉक्टरांनी विचारलं, काम कुठे करतो? धूळ असते का? माझ्या खिशात रिपोर्टची कॉपी असतेच. दिली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, मग कामाचा संबंध दिसत नाही, घरात शोधा.
मी कॉपी परत मागून घेतली. का मागितली, याचा विचार करतोय.

शनिवार, २२ फेब्रुवारी
बायको सकाळपासून भावाच्या घरी गाद्या झटकतेय. पडदे काढले, उशा फेकल्या. म्हणते, फॅक्टरीत नाही हे तुम्हीच मोजलंत, म्हणजे इथेच कुठेतरी आहे.
मला जेवण गेलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी. सकाळी ११
पहाटेच्या पाळीत पंप स्वतःला लावला. बिनपिशवीचा. मिक्सरवर पोती रिकामी केली. पाऊण तासात फिल्टर चोंदला, लाल दिवा लागला. मीही खोकतोय.
ड्रॉवरमध्ये जुनी पिशवी सापडली. बाहेरून पांढरीफटक. आत बोट फिरवलं, स्वच्छ.
मॅनेजरांना पत्र लिहिलं: पहिला रिपोर्ट चुकीचा, चूक माझी. तीन कागद फाडले, चौथा बरा झाला. ते दोनला येतात. आल्या आल्या देणार. नोकरी गेली तर गेली.

दुपारी १.४०
काल हॉस्पिटलमधून सोडलं, आज मेहुणा कामावर हजर. घरात काही सापडलं नाही, आणि बदली मिळत नाही, म्हणून परत मिक्सर. त्याला पिशवीचं सगळं सांगितलं. शांतपणे म्हणाला, मला तेव्हाच दिसलं होतं, दाजी. चार लोकांसमोर तुमचा पाणउतारा नको, म्हणून बोललो नाही. एवढंच मनात आलं, यंत्राला बांधलीत तशी एखादी मलाही बांधायची.
त्याला म्हटलं, आज पोत्याला हात लावू नकोस, मी बघतो.

दुपारी २.२५
मॅनेजर आले. खुशीत होते. मुख्य ऑफिसला माझा रिपोर्ट फार आवडला म्हणे, इतर फॅक्टऱ्यांनाही पाठवणार आहेत. मी थँक यू म्हटलं.
पत्र खिशात आहे. मिक्सर सुरू झालाय. खोकला इथपर्यंत ऐकू येतो.