गाडीच्या पोटाखालचा सतरा नंबर

बिश्केक, शोरूमबाहेरचा बाक,
२७ ऑगस्ट

परम आदरणीय तुरदाकुन मामा यांस, तुमच्या धाकट्या बहिणीच्या एकुलत्या एका मुलाचा, म्हणजे कालमातचा, कमरेत वाकून सलाम.

मेंढ्या कशा आहेत? घोडे कसे आहेत? कुत्रं अजून लांडग्यावर भुंकतं, की आता नुसतं बघत बसतं? तुमचा गुडघा आणि मामींची कंबर कशी आहे? (हे मुद्दाम शेवटी विचारतोय. आधी माणसांची चौकशी केली की तुम्ही म्हणता, "पोरगं शहरात राहून बिघडलं.") माझ्या जावळाच्या दिवशी तुम्ही सगळ्या गावादेखत मला कबूल केलेलं शिंगरूही मजेत असेल. मागत नाही, सहज विचारतो. एकतीस वर्षं झाली, आता बरंच थोराड झालं असेल. खाली गावात तुमचं घर छान आहे. तुम्ही उन्हाळाभर वर कुरणावर, म्हणून किल्ली माझ्याकडेच आहे, सफरचंदांना वेळच्या वेळी पाणी घालतो, आणि अंगणात यंदा हवा अशी मोकळी खेळते की काही विचारू नका.

मामा, गाडी नाला ओलांडून गेली! हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पण मेंढ्यांच्या आधी लिहिलं असतं तर तुम्ही पत्र चुलीत टाकलं असतं. जूनमध्ये तुमच्या तंबूत, पंधरा माणसांसमोर, तुम्ही माझ्या नव्याकोऱ्या जीपबद्दल काय बोललात ते आठवतंय ना? "हिचं पोट लोण्याचं आहे. काळ्या नाल्यात बसेल आणि तिथेच अंडी घालील." सगळे हसले. मामीसुद्धा हसल्या. मीही हसलो, पण आतून जळलो. कारण ती गाडी मी नुसती पर्यटकांना तळं दाखवायला घेतलेली नाही, मामा. मागच्या वर्षी कुरणावरून खाली उतरताना खिंडीत तुम्ही घोड्यावरून उतरलात आणि लघवीला जातो म्हणून खडकामागे गेलात. तिथे गुडघा दोन्ही हातांनी धरून तुम्ही रडत होतात. कोणी पाहिलं नाही असं तुम्हाला वाटतं. मी पाहिलं. त्या दिवशी ठरवलं की पुढच्या वर्षी मामा खाली येतील ते माझ्या शेजारी, गादीच्या सीटवर बसून, खिडकीची काच खालीवर करत. डॉक्टरांनी घोडा बंद सांगितलाय हे मामींनी मला सांगितलं. (त्यांच्यावर रागावू नका. मी खोदून खोदून विचारलं.)

तर नाला. कंपनीने गाडीच्या पोटाखाली जे संरक्षण म्हणून लावलं होतं ते उलटून पाहिलं तर प्लास्टिक निघालं, मामा! दह्याच्या डब्याचं झाकण याहून जाड असतं. मी गावातल्या वेल्डरकडे गेलो. तो म्हणाला, तीन मिलिमीटर लोखंड हवं, जुनं, हल्लीचं नको, हल्लीचं कागद असतं. मग देवाच्या दयेने मला एक पत्रा सापडला. कुठे, ते महत्त्वाचं नाही. तो बसवला आणि गेल्या मंगळवारी निघालो. काळ्या नाल्यात गाडी घातली तेव्हा पाणी दाराच्या कडेपर्यंत आलं. खालून पहिला धोंडा लागला, धाडकन! दुसरा लागला. तिसऱ्याला मी डोळे मिटले (चालवताना मिटू नयेत, माहीत आहे). आणि उघडले तर पलीकडचा काठ! मी खाली उतरून एकटाच नाचलो. वर तुमच्या तंबूचा धूर दिसत होता. मामींच्या पावाचा वास आला असं लिहिलं तर तुम्ही खोटारडा म्हणाल, पण आला.

मग चहाला वर का आलो नाही? कारण गाडीखालून तेल ठिबकायला लागलं. (दुसरंही एक कारण होतं, ते नंतर.) इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं असेल, तर संपलं सगळं. दर पन्नास किलोमीटरला थांबून तेल ओतत मी तशीच गाडी बिश्केकला आणली, जिथून घेतली त्याच शोरूममध्ये. तिथे आधी बुटांवर निळ्या पिशव्या चढवायला लावतात, इतकी फरशी चकचकीत. मॅनेजर एमिलबेक साहेब म्हणजे इस्त्री केलेला माणूस. त्यांनी गाडीवरचा चिखल पाहिला आणि असं तोंड केलं की जणू मी मेलेली म्हैस आणली आहे.

"खडकावर घातलीत," ते म्हणाले. "वॉरंटी मिळणार नाही. वॉरंटी रस्त्यावर चालवणाऱ्यांसाठी असते."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझीच गाडी, दोन माणसांएवढ्या उंचीच्या चित्रात, नदीतून पाणी उडवत चाललेली. "मग ही काय दूध आणायला निघालीय?"

"ते चित्र आहे," साहेब म्हणाले.

माझा सरळसरळ मामा करायला निघाले होते, मामा. (तुम्हाला उद्देशून नाही.) मी आवाज चढवला, त्यांनी भुवया चढवल्या, आणि शेवटी गाडी चढवली लिफ्टवर. खालून बघायला आयझिरेक नावाची मेकॅनिक आली. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, बाह्या कोपरापर्यंत वर, हातात पाना. तिने मान वर केली आणि साहेबांना हाक मारली. साहेब आले आणि त्यांनीही मान वर केली. माझ्या गाडीच्या पोटाखाली निळा रंग होता, मेंढ्याच्या शिंगांची मोठी नक्षी होती, आणि पांढऱ्या आकड्यांत लिहिलं होतं, १७.

"हा घर नंबर आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नक्षी आहे," मी म्हणालो.

आयझिरेकने पान्याने पत्रा वाजवला. घंटेसारखा आवाज आला. ती म्हणाली, "असलं लोखंड मी माझ्या आजोबांच्या वेळचं पाहिलंय." मग बोल्ट काढून पत्रा खाली घेतला. मामा, पत्र्यावर तीन खळगे, माझी मूठ मावेल एवढे. आणि वर, गाडीच्या पोटावर, ओरखडासुद्धा नाही! चेंबर धडधाकट! तेल येत होतं ते इंजिनाच्या मागच्या रबरी सीलमधून, आणि ते कारखान्यातच वाकडं बसवलेलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "दगडाला आत यायचं तर आधी या लोखंडातून यावं लागेल. हे आपलं पाप आहे, ह्यांचं नाही."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. (लग्न झालंय तिचं, दोन मुलं आहेत, मामींना उगाच कामाला लावू नका.) दुरुस्ती फुकट, लेखी कबुली, सगळं! पण इस्त्रीचा माणूस असा सुरकुततो होय? साहेबांनी एक फॉर्म काढला. बाहेरचा भाग गाडीला लावलेला असेल तर तो कोणाचा, याचा कागद हवा. नाहीतर पत्रा इथेच राहणार, दुरुस्ती थांबणार, आणि गाडी खाली उतरणार नाही. मी "मालक" या रकान्यासमोर बराच वेळ पेन धरून बसलो. तुम्ही दहा सप्टेंबरला उतरायला सुरुवात करणार. दहाला गाडी नसली तर तुम्ही घोड्यावर बसणार, हे मला ठाऊक आहे आणि तुमच्या गुडघ्यालाही.

बाकी सर्व क्षेम. मामींना सलाम, मेंढ्यांना सलाम.

तुमचा भाचा,
कालमात

ता. क. सोबत एक कागद जोडला आहे. मजकूर मी लिहिलाय, तुम्ही फक्त सही करायची. "माझ्या घराच्या फाटकाचं उजवं दार मी माझ्या भाच्याला राजीखुशीने दिलं आहे." तारीख जूनची टाकली आहे, कारण जूनमध्येही तुमचं मन मोठंच होतं. भाच्याने मामाच्या घरातून मनाला येईल ती एक वस्तू उचलली तर मामाने रागवायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि मी आजवर एक चमचाही उचललेला नाही. शिंगराचा विषय यापुढे मी काढणार नाही. ते लांडग्याने खाल्लं असंच धरतो.

आणखी एक ता. क. चहाला न येण्याचं दुसरं कारण हेच. कुठलीही गाडी आली की तुम्ही घोड्याचे खूर बघावेत तसं आधी वाकून खालून बघता.

आणखी एक, हे मामींना वाचून दाखवू नका. फाटकाच्या जागी त्यांचा लग्नातला नमदा, तो लोकरीचा गालिचा, टांगला आहे. शेजाऱ्याच्या गाईला तो फार आवडला. कोबीही आवडला.

शेवटचं. हे पत्र घोडीचं दूध न्यायला येणाऱ्या असानगाझीबरोबर पाठवतोय. (असानगाझी, वाचून झालं असेल तर पाकीट नीट चिकटव.) सही करून त्याच्याच हाती परत द्या, शनिवारपर्यंत. "हे लोखंड रणगाड्याने फुटणार नाही," असं तुम्ही त्या फाटकाला टेकून आयुष्यभर सांगत आलात, आणि आम्ही सगळे पाठीमागे हसत आलो. मी आता हसणार नाही, मामा. दहा तारखेला नाल्यात खालून धाडकन आवाज आला तर घाबरू नका. लोक घरी पोचले की दार उघडतात. तुम्ही तुमच्या दारावर बसूनच घरी याल.