सुनंदाताई, तुम्ही अडवलेली सही

प्रिय सुनंदाताई,

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला आणि मी तुमच्यावर चिडलेलीच आहे. सोमवारी परीक्षेचा अर्ज पाठवायची शेवटची तारीख आहे. माझ्या फाइलमध्ये सगळं आहे, फक्त शेवटच्या तीन महिन्यांच्या फॉर्मवर तुमची सही नाही. राहून गेली असती तर गोष्ट वेगळी. तुम्ही ती ठरवून अडवलीत. मग मी चिडू नको तर काय करू?

आपण भेटलो तेव्हा मी बर्मिंगहॅममधल्या एका शाळेत मदतनीस होते. ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर तुम्हाला काम करताना पाहिलं. मूल काय करतं, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, सगळं टिपायचं आणि एकेक लहान पायरी शिकवायची. मला बिहेविअर अ‍ॅनालिस्ट व्हायचंय, असं त्याच आठवड्यात तुम्हाला सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, या देशात गॅसचा बॉयलर दुरुस्त करणाऱ्याला कार्ड लागतं, पण आपल्या कामाला सरकारी लायसन्स नाही. उद्या दारावर पाटी लाव, कोणी विचारणार नाही. मला वाटलं, बरंच झालं की! तर तुमचं पुढचं वाक्य आलं.

"कायदा विचारत नाही ना, मग आपण स्वतःला विचारायचं."

आणि या कामाचं सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाच्या अटींचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात. अभ्यासक्रम, तुमच्या देखरेखीखाली भरायचे तास, त्यावर तुमच्या सह्या, आणि मग परीक्षा.

दोन वर्षं भरले ते तास. कॅमकॉर्डरच्या टेपा पिशवीत घालून, दोन बस बदलून तुमच्याकडे यायचे. तुम्ही टेप थांबवून विचारायचात, इथे का हसलीस? त्याने मागायच्या आधीच का दिलंस? कितीदा रडवलंत मला! घरी येऊन तणतणत तीच टेप पुन्हा बघायचे, तर तुमचंच बरोबर निघायचं. त्याने तर आणखीच राग यायचा.

मग अर्णव आला. चार वर्षांचा, तोंडातून एक शब्द नाही. त्याची आई वृषाली मूळची नाशिकची, इथे तिचं कोणीच नाही. तिसऱ्या आठवड्यात मी दारात दिसले तशी ती त्याला म्हणाली, मावशी आली बघ. मी काय म्हणायला हवं होतं, ताई? मावशी नव्हे, ट्युटर? चैत्रात तिने मला हळदीकुंकवाला बोलावलं. ओटी भरली, नारळ आणि ब्लाउजपीस दिला. मी घेतला. त्याच दुपारी साबणाचे फुगे उडवता उडवता मी थांबले, तर अर्णवने माझा हात ओढला आणि म्हणाला, "अजून."

ती टेप मी तुम्हाला दाखवली. टेपमध्ये मागच्या सोफ्यावर ओटीचं सामान दिसत होतं. तुम्ही त्याचा पहिला शब्द ऐकलात आणि मला नारळाबद्दल विचारलंत.

ज्यांच्या मुलाला शिकवतो त्यांच्याकडून भेट घ्यायची नाही, त्यांच्याशी दुसरं नातं जोडायचं नाही. नियम मला पाठ होता. पण ओटी ही भेट असते का हो? आणि भरत असलेली ओटी नको म्हणून उठतं का कोणी?

तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू त्याची मावशी झालीस, तर त्याची प्रोग्रेस थांबेल तेव्हा तुला ते दिसणार नाही. यू विल मिस इट, स्वाती. या तीन महिन्यांवर मी सही करणार नाही."

मी दार आपटून निघाले. त्यानंतर पाच आठवडे आपण बोललो नाही. नोकियावर तुमचे दोन मिस्ड कॉल होते, मी मुद्दाम परत फोन केला नाही. तिसरा फोन तुमच्या यजमानांचा, अनंतरावांचा आला. तुम्ही पहाटे गेला होतात.

तुमच्या स्वयंपाकघरात आठ दिवस काही शिजलं नाही. ज्या घरांमध्ये तुम्ही इतकी वर्षं पाण्याचा ग्लाससुद्धा हातात धरला नाहीत, त्या घरांमधल्या आया डबे घेऊन येत होत्या. वृषालीने पिठलं-भात आणला आणि अनंतराव जेवेपर्यंत समोर बसून राहिली. तिला कोणता नियम दाखवला असतात तुम्ही? सांगा ना!

गेल्या शनिवारी अनंतरावांनी मला चहाला बोलावलं आणि माझा फॉर्म स्वतःकडे ओढला.

"सुनंदाची सही मला येते गं. बँकेच्या, मुलांच्या शाळेच्या कागदांवर मीच तर करायचो. तिने केलीच असती, जरा रागावली होती इतकंच."

पेनचं टोपण काढलेलं होतं. खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. बोर्डाला कधीच कळलं नसतं. मग मी फॉर्म काढून घेतला. नियमाला घाबरून नव्हे. तुम्ही ती केलीच नसतीत, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं. मला तुमच्यासारखी सही नको आहे. तुमची हवी होती.

तर सोमवारी अर्ज जाणार नाही. ब्रॅकनेलच्या एक बाई देखरेख करायला तयार झाल्या आहेत. दुसऱ्या मुलाबरोबर तीन महिने पुन्हा भरणार आहे. अर्णवचं काम एका चांगल्या ट्युटरकडे सोपवलं, आणि रविवारी मी त्याच्याकडे जाते, मावशी म्हणून. याला तुम्ही माझी हार समजत असाल तर खुशाल समजा. नियमाचं तुमचं बरोबर होतं. पण ते तीन महिनेही खरे होते, आणि ते खरे मानायला मला कोणाची सही लागत नाही.

आता एक शब्द देते. ही परीक्षा मी पास होणार. उद्या माझ्या हाताखाली कोणी तास भरायला आली आणि तिची सही अडवायची वेळ आली, तर तुमच्यासारखीच अडवीन. पण ती तावातावाने निघाली तर तिच्यामागे बस स्टॉपपर्यंत धावत जाईन, आणि भांडण पुरतं संपल्याशिवाय तिला बसमध्ये चढू देणार नाही. आपण तेवढं करायला हवं होतं, ताई. तुम्हीही, आणि मीही.

तुमची हट्टी विद्यार्थिनी,
स्वाती