बीटवरचा आळ

कनोरा, २० एप्रिल

प्रिय युर्को,

तू खाणीवरून फोन करतोस तेव्हा मागे यंत्रं एवढी गुरगुरतात की माझं निम्मं बोलणं वाया जातं. म्हणून हे पत्र. उभ्या उभ्या वाचू नकोस, जरा बस.

या हिवाळ्यात मला लघवी लाल व्हायला लागली. आपलं घर तुला ठाऊकच आहे, बीटचं बोर्श सूप नाही असा दिवस नाही. चर्चच्या स्वयंपाकघरात पिरोगीच्या करंज्या भरता भरता मी हळूच नास्त्याच्या कानात सांगितलं, तर ती बया सगळ्यांदेखत ओरडली, "अगं दार्का, एवढं बीट खातेस, मग काय हिरवी होणार? माझ्या सासूची नव्वदीपर्यंत लालच होती!" सगळ्या खो खो हसल्या, मीसुद्धा. दोन वर्षांपूर्वी आतड्याचा कॅन्सर काढलेली बाई मी, पण आपल्याकडे लाल दिसलं की आळ बीटवरच.

मार्चमध्ये तळघरातलं बीट संपलं. नुसत्या कोबीवर आठवडा काढला, तरी रंग काही जाईना. तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

सास्काटूनच्या डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं. तोच जुना आतड्याचा कॅन्सर, मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे उतरणाऱ्या नळीत जाऊन बसलाय. असं फार क्वचित होतं म्हणे. दोन डॉक्टरांना मुद्दाम बोलावून त्यांनी माझे फोटो दाखवले. शाळेत कधी पहिला नंबर आला नाही, तो हा असा आला. ती नळी आणि डावं मूत्रपिंड काढणार आहेत. पुढचं कुणी छातीठोक सांगत नाही. मला भीती वाटते रे. पेट्रो हल्ली स्वतः कोबीचं सूप करतो, आणि ते इतकं खारट की देवा रे! पण मी वाडगा चाटूनपुसून संपवते, कारण नवरा समोर बसून माझ्याकडे बघत असतो.

आता मुद्द्याचं. आपली आईही आतड्याच्या कॅन्सरनंच गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भावाची तपासणी व्हायलाच हवी. तू टाळणार हे मला पक्कं माहीत. म्हणून त्यांच्या हातापाया पडून मी ठरवून घेतलंय: नऊ मेला सकाळी माझं ऑपरेशन, आणि त्याच दिवशी त्याच दवाखान्यात तुझ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध प्यायचं असतं, ते सोबत पाठवलंय. भांडायचं तर खुशाल भांड, पण मी शुद्धीवर आल्यावर. डोळे उघडले की मला आधी तुझी बातमी हवी आहे.

तुझीच, अजूनही हुकूम सोडणारी
दार्काताई