वायोमिंगला माझा विरोध

२० जून, शुक्रवार
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच जातात, म्हणून तिथे लिहिते आहे.
वेद ऑफिसातून येता येता ओरडला, आई, लॉटरी लागली! देवापुढे साखर ठेवली. मग कळलं, पैशांची नाही. वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्न मारायचा परवाना लागलाय. प्राँगहॉर्न म्हणजे हरणासारखा एक प्राणी. आधी अर्ज करायचा, मग नंबर लागतो म्हणे. ऑफिसातला डेव्ह दरवर्षी जातो, त्याचा हा नाद. आमच्या घराण्यात कोणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. (वेद बाहेर चिकन खातो. ते मला माहीत नाही असं आमच्यात ठरलंय.)
माझा कडक विरोध. जेवताना एक शब्द बोलले नाही. त्याच्या लक्षात आलं नाही, कानात हेडफोन होते.

२३ जून, सोमवार
विरोध चालू. पण मुलगा परमुलखात बंदूक घेऊन जाणारच असेल, तर निदान कायद्याने जावा. तेवढं आईने बघायला नको? वायोमिंगची नियमांची पुस्तिका त्याच्याकडून प्रिंट करून घेतली. पानाच्या दोन्ही बाजूंना, कागद वाया जायला नको. मॅट्रिकला इंग्रजीत छप्पन्न मार्क होते.
सूनबाई, म्हणजे अंतरा, सोमवारी शिकागोला जाते ती गुरुवारी येते. वेदची दार लावून मीटिंग. इथे ईडन प्रेरी गावात दुपारी खिडकीतून कुत्रं फिरवणारा एखादा दिसला तर दिसला. वाचायला वेळच वेळ.

२ जुलै, बुधवार
वेदला हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागणार. सहासष्टच्या आधी जन्मलेल्यांना वायोमिंगात तो माफ आहे. मी चौसष्टची. म्हणजे आजच्या घडीला या घरात क्वालिफाइड मी एकटीच. हे वेदला सांगितलं तर इतका हसला, इतका हसला, की हेडफोन काढून ठेवले. नंतर जेवण झाल्यावर टेबलावरच बसून राहिला.

९ जुलै, बुधवार
रोज रात्री मी प्रश्न विचारते, तो उत्तरं देतो. बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. समोर नक्की काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे कळल्याशिवाय चाप ओढायचा नाही. हे आपल्या मंडळातल्या प्रतिमाला शिकवायला हवं. तिच्या पोटात काही राहत नाही.
आज त्याची सगळी उत्तरं बरोबर आली. तरी मी एक चूक काढली. उद्या पुन्हा बसू. पक्कं झालेलं बरं.

२६ जुलै, शनिवार
डेव्ह आला होता. केवढा उंच, पण वागायला साधा. दोनदा पोहे घेतले. ज्याचं रान त्याची लेखी परवानगी त्याने आधीच आणलीये. शिकार झाली की मांस तिथे टाकून यायचं नाही, तो गुन्हा आहे. अन्न वाया घालवणं गुन्हा! हे सरकार आपल्यातलंच वाटतं.
जेवणाचं विचारलं, तर पाच दिवस डब्यातला राजमा, तोही थंड. तिथेच माझं ठरलं. कोणीतरी स्वयंपाकाला जायला हवं. मला काही हौस नाही. वेद म्हणाला, आई, तंबूत झोपावं लागेल, रात्री पाण्याचा बर्फ होतो. म्हटलं, झोपेन. म्हणाला, बघू.
बघू म्हणजे होच.
जाताना पूर्ण दिवस गाडीत. येतानाही. वेद चालवणार, म्हणजे त्याला हेडफोन लावता येणार नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने चांगलंच.

१७ ऑगस्ट, रविवार
नियमात अंगावर भडक केशरी कपडा सांगितलाय. सरकारच भगवं घालायला लावतं, मग यात अधर्म कुठला? मागच्या गणपतीच्या मखराचं कापड उरलं होतं, त्याची तीन जाकिटं शिवली. डेव्हचं दोनदा उसवावं लागलं.
वेद म्हणाला, आई, फ्लोरोसंट लागतं, लांबून चमकणारं. हे घातलं तर दंड होईल. कायदा तो कायदा. मी मात्र माझं घालणार. स्वयंपाकीणबाईला कोण विचारतंय?

२५ सप्टेंबर, गुरुवार
नवरात्र चालू आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. माझी बॅग भरून झाली. भाजणी, मेतकूट, लोकरीचे मोजे, छोटी समई. मी कुठल्या सीटवर बसायचं ते वेद अजून बोललेला नाही. कामात असतो.
प्रतिमाचा फोन आला होता. म्हणाली, कांचनताई, तुमचा वेद शिकारीला जातो आणि तुम्ही चालवून घेता? एवढी माळ जपणाऱ्या तुम्ही! म्हटलं, चालवून कुठली घेते? त्याच्यापायी यंदा नऊ दिवस निरंकार धरलेत, पाण्याच्या थेंबाशिवाय काही नाही. आता साबुदाणा आणि वरी सोडली तर ते खरंच आहे. आणि बायकांत मान नको राहायला?

२८ सप्टेंबर, रविवार
वेद सकाळी स्वयंपाकघरात येऊन बसला. माझा हात हातात घेतला. म्हणाला, आई, तू माझ्यामुळे उपाशी राहतेयस आणि मला पत्ता नाही. प्रतिमा मावशींनी काल अंतराला सांगितलं. तू जॅकेट शिवत होतीस तेव्हा मला वाटलं तू एन्जॉय करतेयस, सॉरी. मी ट्रिप कॅन्सल केली. डेव्हला सांगितलंय. परवान्याचे पैसे गेले तर गेले.
समोर साबुदाण्याच्या खिचडीची ताटली होती. तिच्यावर झाकण ठेवलं.
म्हटलं, शहाणा माझा बाळ.
विरोध यशस्वी झाला. तीन महिने नेटाने केला होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
डेव्ह पहाटे एकटाच गेला. वेदने त्याला मेसेज केला, हॅपी हंटिंग. मग जेवला आणि ताटली सिंकमध्ये ठेवून वर गेला. जिन्यात असतानाच हेडफोन लावले. बोलायला विषय तरी काय राहिला? मी बॅग रिकामी केली. भाजणीचं थालीपीठ एकटीपुरतं लावलं, थोडं जळलं.
दुपारी शेजारच्या बाई पेटीसारखं काहीतरी गॅरेजमधून काढत होत्या. विचारलं. इथे थंडीत तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात. त्यासाठी तळ्यावर एक छोटंसं खोपट ठेवतात आणि आत दोघं-तिघं गुडघ्याला गुडघा लावून तासन् तास बसतात. माशाला वेळ लागतो, म्हणून नुसतं बोलत बसायचं. नेटवर्क धड मिळत नाही, म्हणाल्या.
माझा याला पूर्ण विरोध आहे. मासा झाला तरी जीवच.
नियमांची पुस्तिका लायब्ररीत फुकट मिळते. उद्या आणते, आणि वेदच्या ताटाशेजारी ठेवते. नुसती, विरोध करण्यापुरती.