भरल्या पोटाचा होकार

मुलचेरा. रविवार, संध्याकाळ.

श्रावण सरला, म्हणून आज घरचा कोंबडा कापायचा होता. रीतीप्रमाणे त्याच्यापुढे तांदळाचे दाणे टाकले. त्याने टिपले म्हणजे तो राजी. नागपूरहून आलेली नात म्हणाली, "आबा, सकाळपासून उपाशी डालून ठेवलं त्याले. टिपणारच ना! याले राजी म्हणता?"

आमची ही चुलीजवळून हसली, "जन्मभर शाळेत पोट्ट्याइले पाखराच्या कविता शिकवल्या, अन् आता कोंबड्यापुढं हरले!"

खरंच, भुकेल्याचा होकार, तो होकार कसला? मी त्याला वाटीभर तांदूळ खाऊ घातले. मग पुन्हा चार दाणे टाकले. त्याने पाहिलंसुद्धा नाही. पिसं फुगवून बसला, अगदी कवितेतल्या पाखरासारखा.

शेवटी वास्त्याची भाजी जेवलो, बांबूच्या कोवळ्या कोंबांची. नातीला म्हटलं, "याले कोणं विचारलं?" तिने भाजी मात्र दोनदा घेतली.

मांस मी सोडणार नाही. जीव घेतल्यावाचून कोणाचंच ताट भरत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण विचारायचंच तर भरल्या पोटाला विचारीन, आणि नकार आला तर तो ऐकीन.